भोईपुऱ्याचे नंबर

झामरेभाऊंनी माझ्या टेबलावरचा चहाचा कप स्वतःच्या हातानं उचलून खिडकीत ठेवला. नकाशावर सांडू नये, एवढीच त्यांची काळजी. मग करंगळी नकाशावर टेकवून म्हणाले, "बाबू, एक रेघ इथून न्या. अन् एक इथून."

करंगळी दोन्ही वेळा भोईपुऱ्याच्या पोटातून गेली.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर नगरपालिकेचा कोंडवाडा होता आणि त्यात एकच म्हैस उभी होती. म्हशीकडे इतकं लक्ष देऊन पाहणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. मी तेव्हा खैरापूर नगरपालिकेत ट्रेसर होतो. नकाशे काढायचे, जुन्या नकाशांच्या नकला करायच्या, वह्या सांभाळायच्या. हाताला वळण चांगलं आणि स्वभाव भित्रा, त्यामुळं माझं सगळ्यांशी पटायचं. हिवसेबाबू कधी नाही म्हणत नाहीत, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमानही होता.

निवडणूक चार महिन्यांवर आली होती. गावाचे एकोणीस वॉर्ड नव्यानं पाडायचे होते आणि कोणता मोहल्ला कोणत्या वॉर्डात जाणार, ते माझ्या टेबलावरच्या त्या कागदावर ठरायचं होतं. झामरेभाऊ नगरपालिकेत कोणीच नव्हते. अध्यक्षबाई त्यांच्या वहिनी होत्या आणि वहिनींना सहीखेरीज दुसरं काम नव्हतं.

भोईपुरा म्हणजे तलावाकाठची एकशे चौऱ्याऐंशी घरं. पाणी असेल तोवर मासे, पाणी आटलं की फुटाण्याच्या भट्ट्या. हा पुरा अख्खा एका वॉर्डात राहिला, तर तिथं निम्म्याहून जास्त मतं त्यांची होत होती. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा भोयांचं माणूस नगरपालिकेत बसलं असतं. कोण, तेही ठरलेलं होतं, सुभद्राबाई पडोळे. नळाच्या पाण्यासाठी तिनं सहा वर्षं आमच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पण त्याच पुऱ्याचे तीन तुकडे करून तीन वॉर्डांत टाकले, की तिन्ही ठिकाणी त्यांची मतं चिमूटभर उरणार होती.

मी म्हणालो की भाऊ, जनगणनेचा गट तोडता येत नाही. नियम आहे. भोईपुरा सगळा मिळून एकच गट आहे, गट नंबर एक्केचाळीस. तो उचलून पूर्ण एका वॉर्डात टाकावा लागतो.

भाऊ हसले. "मंग तोडू नका ना. गटच तसा दाखवा. वही तुमची, नकाशा तुमचा, अक्षर तुमचं. तहसीलवाली नक्कल वर गेली हाय, ते काही निवडणुकीच्या आत येत नाई."

मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं म्हणजे होकार असतो, हे त्यांना माहीत असावं. तरी निघताना त्यांनी विचारलंच, "पोरगी कितवीत हाय तुमची?"

"नववीत."

"सायकलनं जाते ना? ढोरबाजाराच्या रस्त्यानं. आजकाल लई ट्रका येतात तिकडून. जपाले सांगा."

एवढंच ते बोलले. आवाजही चढला नव्हता. पण माझ्या हातातली पेन्सिल त्यानंतर तासभर कागदाला लागली नाही. प्रणिता आमची एकुलती एक. घरी गेलो तर ती ओट्यावर बसून सायकलची चेन पुसत होती. मी तिला म्हणालो, उद्यापासून पायी जा. ती म्हणाली, का? मी तिच्यावर उगीच ओरडलो.

तीन दिवसांत मी घरनंबरांची नवी वही लिहिली आणि गटाचा नवा नकाशा काढला. तलावाच्या बाजूची घरं एकोणचाळीस गटात गेली, सडकेच्या बाजूची त्रेचाळीसात, आणि एक्केचाळीसात फक्त मधली गल्ली उरली. आता गट न तोडता पुरा तुटत होता. जुनी वही आणि जनगणनेच्या वेळी शाळेच्या मास्तरांनी काढलेला जुना नकाशा मी घरी नेऊन बंबात घातला. त्या दिवशी आंघोळीचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, असं बायको म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. घरोघरच्या दारांवर नंबर होते.

त्याआधी चौदा महिने, जनगणनेच्या यादीसाठी शाळेचे मास्तर आणि मी भोईपुऱ्यात हिंडलो होतो. मास्तर नावं लिहायचे आणि मी चौकटीशेजारी गेरूनं नंबर घालायचो. एक्केचाळीस, खाली रेघ आणि घराचा आकडा. हा नंबर पुसू नका, असं मी दर घरी सांगायचो. एका म्हातारीनं विचारलं, पुसला तर? मास्तरांना गंमत करायची हुक्की आली. ते म्हणाले, मग घर जाईल सरकारात. आम्ही दोघं हसत पुढं गेलो, पण मागं कोणी हसलं नाही. त्या वर्षी दिवाळीला भोईपुऱ्यानं चुन्यानं घरं पोतली तेव्हा प्रत्येक दाराशेजारी वीतभर चौकोन तसाच सोडला. पांढऱ्या भिंतीवर मळकट चौकोन आणि आत आकडा. घरातली लेकरंसुद्धा नाव विचारलं तर नाव सांगायची आणि पाठोपाठ नंबर सांगायची. मी ऑफिसात त्याची नक्कल करून लोकांना हसवलंही होतं.

नकाशा जाहीर झाला आणि भोईपुऱ्यातून हरकत आली. अकरा अंगठे, पहिला सुभद्राबाईचा. सुनावणी मंगळवारी तहसीलच्या हॉलमध्ये, एसडीओ मॅडमसमोर, म्हणजे प्रांत अधिकाऱ्यांसमोर होती. मॅडम नव्या होत्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी नावं पुकारली तेव्हा दहा जणांची प्रतिज्ञापत्रंच पुढं आली. आमचा अंगठा न समजता लागला, हरकत मागं घेतो. दहाही कागदांची भाषा एक, टाइपही एकाच मशीनचा.

अकराव्या नावाला सुभद्राबाई उठली. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. हाताला भट्टीचे चटके बसून काळे डाग पडलेले. तिला वाचता येत नव्हतं. मॅडमनी विचारलं, बाकीचे कुठं आहेत?

"त्याईले भेव वाटते, मॅडम."

"आणि तुम्हाला?"

"मले कायचं भेव?" ती म्हणाली. "माह्या दारावर सरकारचा नंबर हाय. एक्केचाळीस, सतरा. आमच्या साऱ्या पुऱ्याच्या दारावर एक्केचाळीसच हाय. सरकारनं आमाले एक लिहिलं, मंग या कागदावर आमी तीन कसे झालो? तुमी या अन् दारं पाहा."

मॅडमनी माझा नकाशा पाहिला, मग मला पाहिलं. मी त्यांच्यामागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो. मॅडम म्हणाल्या, परवा सकाळी दहाला मी स्वतः जागेवर येते. हिवसे, वही घेऊन हजर राहा.

मी बाहेर आलो. झामरेभाऊंची जीप कडुनिंबाखाली होती. त्यांनी शेजारच्या सीटवर हात थोपटला आणि मी चढून बसलो. नाही म्हणता आलं असतं, हे आज सुचतं. जीप माझ्या घराच्या दिशेला न जाता ढोरबाजाराच्या रस्त्याला लागली. शाळा सुटायची वेळ होती. पुढं निळ्या फ्रॉकमधल्या मुलींचा घोळका चालला होता आणि त्यात माझी प्रणिता होती, सायकल हातात धरून पायी चाललेली. जीप तिच्या शेजारून गेली, अगदी शेजारून, आणि थांबली नाही. तिनं मला पाहून हात हलवला. भाऊंनीही तिला हात केला.

पुढच्या वळणावर ते म्हणाले, "उद्या भोईपुऱ्यात चुना मारू. हिवतापाची साथ हाय, नगरपालिकेचं कामच हाय ते. उद्या बुधवार, सुभद्रा बाजाराले जाईन मासे घेऊन. तुमी सोबत उभे राहा बाबू. एकही दार सुटाले नाई पायजे."

बुधवारी सकाळी पाच सफाई कामगार, चुन्याची दोन पिंपं आणि मी असे आम्ही भोईपुऱ्यात गेलो. बाया भांडी घासत होत्या, माणसं जाळी शिवत होती. चुना फुकट आहे म्हटल्यावर आधी सगळे खूश झाले. एका घरानं तर आतली खोलीही दाखवली. पहिल्याच दाराशी कामगार किसन कुंचा घेऊन त्या मळकट चौकोनापाशी आला आणि थांबला.

"याच्यावर बी मारू का, बाबू?"

दारात त्या घरचा म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "नंबर राहू द्या, बाप्पा."

सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. माणूस भ्यायला की त्याची जीभ भलतीच गोड होते, निदान माझी तरी. मी म्हणालो, "बाबा, उद्या मॅडम येणार. वस्ती कशी स्वच्छ दिसली पाहिजे. नंबराची काळजी नको. तुमचा नंबर माझ्या वहीत आहे. भिंतीवरचा पुसेल, पण वहीतला कुठं जातो?"

"वहीत हाय?"

"सगळ्यांचा आहे."

म्हातारा तरी बाजूला होईना. तेव्हा मी किसनच्या हातातून कुंचा घेतला आणि स्वतः त्या आकड्यावर फिरवला. गेरू हट्टी असतो. एका हातात जात नाही, गुलाबी होऊन खालून दिसत राहतो. मी तीनदा फिरवला. मग म्हातारा सरकला आणि पुढच्या घरांनी काही विचारलंच नाही. दुपारी दोनपर्यंत एकशे चौऱ्याऐंशी दारं पांढरी झाली. सुभद्राबाईचं घर आलं तेव्हा तिची सून एकटीच होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत निघून गेली.

त्या संध्याकाळी मी वाट पाहत होतो. सुभद्राबाई बाजारातून येईल, दार पाहील आणि अख्खा पुरा घेऊन माझ्या घरावर येईल, असं मला सारखं वाटत होतं. दोनदा उठून कडी तपासली. प्रणिता बीजगणित करत होती. ती म्हणाली, बाबा, तुमच्या नखांत चुना आहे. मी साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, पण नखांच्या कडांना तो राहिलाच.

कोणी आलं नाही.

गुरुवारी दहा वाजता मॅडम आल्या. झामरेभाऊंनी तलावाकाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि चहाचा थर्मास आणला होता. मॅडमनी चहा घेतला नाही. त्या गल्लीतून एक चक्कर मारून आल्या. ताज्या चुन्याचा वास येत होता आणि उन्हात भिंतींकडे पाहवत नव्हतं.

"बाई, नंबर कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

आता ही ओरडणार, मला बोट दाखवणार, असं वाटून मी वही छातीशी धरली. पण सुभद्राबाई शांत होती. अगदी निर्धास्त होती, हे जास्त भयंकर होतं. ती म्हणाली, "दारावरचे गेले मॅडम, चुना मारला काल. पण काई बिघडलं नाई. बाबूच्या वहीत हायेत सारे. त्याईनंच सांगतलं आमच्या लोकाईले. नंबर आमाले पाठ हायेत. आमी सांगतो, तुमी वहीत जमवून पाहा. बाबू, वाचा."

तिनं मला साक्षीदार केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. मी वही उघडली. सुभद्राबाई पुढं झाली आणि म्हणाली, "एक्केचाळीस, सतरा. सुभद्रा लक्ष्मण पडोळे."

मी बोट फिरवलं. मीच लिहिलेलं होतं, शोधायची गरज नव्हती, तरी फिरवलं. "एक्केचाळीस सतरा, महादेव बावणे," मी वाचलं. "जुळत नाही."

महादेव बावणे तिथंच उभा होता. तो म्हणाला की बाबू, माझा तर एक्केचाळीस अडुसष्ट आहे. मी अडुसष्ट पाहिला. त्या आकड्याला माझ्या वहीत घरच नव्हतं. "जुळत नाही," मी म्हणालो.

मग कालचा म्हातारा आला. एक्केचाळीस, एक. तो वहीत त्रेचाळीसात होता. जुळत नाही. मग एक विधवा, मग दोघं भाऊ. दर वेळी माझा आवाज आधीपेक्षा नीट निघू लागला. सहाव्या की सातव्या नंबराला तीच म्हातारी आली, नंबर पुसला तर काय, असं मास्तरांना विचारणारी. तिनं नंबर सांगितला. मी जुळत नाही म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःशीच ओठ हलवून आकडा पुन्हा म्हणून पाहिला आणि हात जोडले.

"बाबू म्हणते तर तसंच असन," ती म्हणाली. "मी अडाणी बाई. माह्या ध्यानात नसन राह्यलं."

त्यानंतर रांग मोडली. पुढचे पुढं येईनात. एकमेकांना विचारू लागले, तुझा काय होता, नक्की तोच होता का? एका पोरानं मोठ्यानं आपला नंबर म्हटला तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी तिथं उभा राहून पाहत होतो. ज्या लोकांनी चौदा महिने तो चौकोन जपला, ते माझ्या डोळ्यांसमोर स्वतःचा नंबर विसरत होते.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ही वही तुम्ही स्वतः लिहिलीत?"

"हो, मॅडम."

"जनगणनेच्या वेळचीच?"

"हो."

त्यांची नजर माझ्या नखांवर गेली. तिथं ती बराच वेळ थांबली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हिवसे, कागदावर जे असेल तेच मला लिहावं लागेल. काही सांगायचं असेल तर आता सांगा."

त्यांना समजलं होतं, हे मला समजलं. माझ्या एका वाक्याची गरज होती. झामरेभाऊ दहा पावलांवर थर्मासचं झाकण फिरवत होते, आमच्याकडे पाहतही नव्हते. शाळेची मधली सुट्टी अकराला असते, असा भलताच विचार माझ्या डोक्यात आला. मी म्हणालो, "जुळत नाही, मॅडम."

हरकत फेटाळली गेली. अर्जदारास स्वतःच्या घराचा गट सांगता आला नाही, असं निकालात लिहिलं होतं. निवडणुकीत भोईपुऱ्याची मतं तीन वॉर्डांत गेली. त्यानंतर आणखी दोनदा वॉर्ड पाडले गेले आणि दोन्ही वेळा जुन्या रेघांवरूनच पाडले गेले. भोईपुऱ्याचं माणूस आजवर निवडून आलेलं नाही. पण मी जे सांगायला बसलो ते हे नाही. ते त्याच गुरुवारी संध्याकाळी घडलं.

दिवे लागायची वेळ होती. कडी वाजली. मी बायकोला म्हणालो, उघडू नको. पण प्रणितानं उघडलं सुद्धा. दारात सुभद्राबाई होती. तिच्यामागं गल्ली रिकामी होती. मी मान उंच करून दोनदा पाहिलं, कोणी नव्हतं.

ती आत येईना. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. बायकोनं पाणी दिलं. पेला धरताना तिचा हात थरथरत होता, पाणी लुगड्यावर सांडलं. भट्टीतून तापली वाळू उपसणारे ते हात मी सहा वर्षं पाहत होतो, ऑफिसच्या टेबलावर आपटताना सुद्धा. ते कधी हललेले पाहिले नव्हते.

"बाबू, राग धरू नका," ती म्हणाली. "तुमच्या वहीवर उलटून बोलली मी मॅडमपुढं."

मी म्हणालो, राग कसला.

"म्या चौदा महिने चुकीचाच नंबर घोकला. सुनेले शिकवला, नातवाले शिकवला. आज सरकारनं इचारलं अन् मी खोटी पडली. आता घर उठवाले कोणी आलं, अन् त्यानं नंबर इचारला, तं काय सांगू? दारावर बी नाई अन् डोक्यात बी नाई." तिनं पेला खाली ठेवला. "तुमच्या वहीत माहा खरा नंबर काय हाय, तेवढा लिहून द्या. सही करून द्या. लई भेव वाटून रायलं, बाबू."

भेव. मंगळवारी हाच शब्द तिनं दुसऱ्यांसाठी वापरला होता. अख्खं खैरापूर झामरेभाऊंना भीत होतं, मुख्याधिकारी भीत होते, मी तर जन्माचाच भित्रा. ही एकटी बाई भीत नव्हती, कारण तिच्या दारावर सरकारचा आकडा होता आणि आकडा खोटा नसतो अशी तिची खात्री होती. तिचा वॉर्ड गेला, ते झामरेभाऊंनी केलं असं मी म्हणू शकलो असतो. पण ही भीती मी घातली होती तिच्यात, माझ्या हातानं. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, आजही येते.

मी कागद आणि पेन घेऊन बसलो. अंतिम नकाशा जाहीर व्हायला चार दिवस होते. एक्केचाळीस सतरा, एवढं लिहून खाली नगरपालिकेच्या ट्रेसरची सही असती, तर नागपूरच्या हायकोर्टात कोणत्याही वकिलानं तो कागद डोक्यावर घेतला असता. ती गेली असती नागपूरला, मला ठाऊक होतं. मासे विकून गेली असती. माझी सही ही तिची परत मिळालेली भिंत झाली असती. अंगणात प्रणिताची सायकल भिंतीला टेकून उभी होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. मी पेन टेकवलं.

त्रेचाळीस, सहा, असं मी लिहिलं आणि खाली सही केली.

सुभद्राबाईनं कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग प्रणिताकडे केला. "माय, वाचून दाखव वं."

प्रणितानं मोठ्यानं वाचलं, "त्रेचाळीस, सहा."

"त्रेचाळीस, सतरा," सुभद्राबाई म्हणाली.

"सतरा नाही मावशी, सहा."

तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तिच्या तोंडून सतरा आलं. प्रणिता तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसली. शाळेत पाढे पाठ करून घेतात तसं तिनं तिच्याकडून पाठ करून घेतलं, न कंटाळता, हसत हसत. त्रेचाळीस, सहा. त्रेचाळीस, सहा. दहा-बारा वेळा झाल्यावर सुभद्राबाईच्या तोंडी तो आकडा बसला. प्रणितानं माझ्याकडे पाहिलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी मान हलवली.

सुभद्राबाईनं कागदाची घडी करून चोळीत ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. चार पावलं गेली आणि परत वळली.

"हा तं पक्का ना, बाबू?" तिनं विचारलं. "पुन्हा नाई ना बदलणार?"

"पक्का," मी म्हणालो.